‘लोकल’ या शब्दाचा इतिहास

मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापारात एक शब्द असा आहे की, सरकारी टिपणीत त्याचा अर्थ एक आणि दुकानाच्या फळीवर नेमका उलटा होतो. दिल्लीचे काश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट अथवा मुंबईतील ऑपेरा हाउसचा परिसर, कोठेही जावे. ‘हा लोकल आहे’ असे दुकानदार म्हणाला की माल स्वस्त पण बेभरवशाचा, असे गिऱ्हाइकाने समजावयाचे. कचेरीत मात्र ‘स्थानिक उत्पादन’ हे गौरवाचे पद. दिवसभर देशी मालाच्या टक्केवारीचे तक्ते भरणारे आम्ही नोकरदार सायंकाळी स्वतःच्या गाडीच्या ब्रेकसाठी ‘ओरिजिनल आहे ना?’ असे विचारून खात्री करून घेतो. या विसंगतीस ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः तिच्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला; फोर्ड कंपनीनेही या देशात अशीच व्यवस्था केली. कारखाना हा शब्द येथे जरा सैल अर्थाने घ्यावयाचा. समुद्रपारहून पेट्यांत भरून भाग यावयाचे आणि येथे त्यांची जुळणी व्हावयाची. सबंध मोटार आणण्यापेक्षा पेट्यांना जहाजावर जागा कमी लागे, हा त्यातला हिशेब. जुळणीने कामगाराच्या हाताला वळण लागले, हे नाकारता येणार नाही. परंतु पोलाद कसे घडवावे, दाता किती बारकाईने कापावा, ही विद्या पेटीतून येत नसे.

ती विद्या येथे आणावी, हा ध्यास प्रथम घेतला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेल्या या स्थापत्यविशारदाने १९३५ साली परदेशातील कारखाने पाहून मोटार उद्योगाची योजना तयार केली. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली; पण १९३९ साली ते मंत्रिमंडळच पायउतार झाले. योजनेची धुरा पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी वाहिली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी बोलणी जुळविली, तेव्हा हा युद्धोपयोगी उद्योग नव्हे, असे सांगून तत्कालीन हिंदुस्थान सरकारने सहकार्य नाकारले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. तीही आरंभी बाहेरच्या भागांची जुळणी करूनच.

स्वतंत्र सरकारने १९४९ साली तयार मोटारींची आयात थांबविली. १९५३ साली जकात आयोगाने याहून कठोर शिफारस केली: जे कारखानदार क्रमाक्रमाने भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम देतील, त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ पर्यंत आपला गाशा गुंडाळला. टक्केवारीचा जन्म येथला. परंतु या टक्केवारीत एक मेख होती. एखादा भाग येथे बनवावयाचा ठरला म्हणजे परदेशी कंपनी पेटीच्या किमतीतून तो वजा करी. मात्र ही वजावट पुष्कळदा येथील उत्पादनखर्चाहून बरीच कमी असे. अर्थात प्रत्येक देशी भागाबरोबर गाडी महाग होई.

महागाईचे कारण कामगाराच्या आळसात शोधणाऱ्यांनी पुण्याच्या किर्लोस्कर कमिन्सचे उदाहरण पाहावे. १९६२ साली निघालेल्या या डिझेल इंजिनांच्या कारखान्याच्या अडचणींवर अर्थतज्ज्ञ जॅक बॅरन्सन यांनी १९६७ साली पुस्तकच लिहिले. ओतकाम व घडाईकाम पुरविणारे कारखाने तयार नाहीत आणि मागणी इतकी थोडी की यंत्रसामग्रीचा खर्च मोजक्या नगांवर पडावा, ही त्यांतील मुख्य दुखणी होत. उणीव होती ती पुरवठादारांच्या साखळीची. तशात गिऱ्हाईक मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसलेले. मिळेल ते घेण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. ज्याला माल परत करता येत नाही, त्याच्या तक्रारीने कारखान्यात काही सुधारत नाही. ‘लोकल’ हा शब्द हिणकस झाला तो या काळात, असे आमचे मत आहे.

१९८२ साली मारुती उद्योगाने सुझुकीशी करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी दिली, तेव्हा तीही प्रामुख्याने जपानी भागांचीच होती. १९८५ नंतर येन महागला आणि देशी भागांची निकड वाढली. फरक पडला तो पद्धतीत. पुरवठादारांना जपानी कंपन्यांशी जोडून दिले गेले, आणि मापात न बसणारा माल परत जाऊ लागला.

त्याही आधी, १९६१ साली, पुण्यात भारत फोर्जची स्थापना झाली होती. तेथील क्रँकशाफ्ट पुढे अमेरिका व युरोपातील कारखान्यांकडे जाऊ लागले. २००४ साली तर या कंपनीने जर्मनीतील एक घडाई कारखाना विकत घेतला. येथला भाग विकत घ्यावा की नाही, याचा विचार आता समुद्रपारचे लोक करू लागले! १९५३ चे दार बंद झाले नसते तर असे कारखाने उभे राहिले असते काय, याची आम्हांस शंका आहे. मात्र नुसत्या बंद दाराने त्यांचा माल परदेशी कोणी घेतला नसता, याविषयी शंका नाही.

हा विषय जुना झालेला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने वाहन उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तीत किमान ५० टक्के मूल्यवर्धन देशात व्हावे, अशी अट आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा विजेच्या गाड्या बनविणाऱ्यांना परावलंबनाची किंमत कळली. टक्केवारी मागणे गैर नव्हे. परंतु ज्यांच्या टेबलावरून हे तक्ते जातात, त्या आम्ही एवढे ध्यानी ठेवावे की, आकड्यापलीकडे आणखी दोन प्रश्न आहेत: या भागाची कसोटी कोणी घेतली, आणि तो नापसंत करण्याची मोकळीक घेणाऱ्यास आहे काय? त्यांची उत्तरे होकारार्थी मिळू लागली, तर काश्मीरी गेटच्या दुकानदारासही ‘लोकल’ हा शब्द आवाज खाली न आणता उच्चारता येईल.