प्रेरणेच्या कप्प्यातला इतिहास

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर ‘प्रकाशवाटा’ची एक प्रत खोल्याखोल्यांतून फिरत होती. सबमिशनच्या आदल्या रात्री ती माझ्या हाती लागली आणि सबमिशन राहिलं. पुढचे आठ दिवस मी ‘नोकरी करायचीच नाही’ असं सगळ्यांना सांगत होतो. नंतर अर्थातच केली. यंदा ते पुस्तक पुन्हा काढलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही; तारखा दिसायला लागल्या.

दुकानांत ही पुस्तकं ‘प्रेरणादायी’ कप्प्यात असतात, उद्योगपतींच्या यशोगाथांना खेटून. त्यामुळे एका भागाचा इतिहास त्यांत साठला आहे हे निसटतं. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा काढला गेला. म्हणजे बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन आणि मुलाचं भामरागडचं जंगल एकाच जिल्ह्यात होतं. जिल्ह्याचं ठिकाण किती लांब आणि सरकार किती पातळ, हे एवढ्यावरून कळतं. त्याच आनंदवनाची साधनाताईंनी ‘समिधा’त सांगितलेली हकीकत मला जास्त विश्वासाची वाटते. मोठ्या कामामागचं रोजचं घर कोणी चालवलं, हे तिथं कळतं.

मात्र माझ्या कामाच्या सवयीला सगळ्यांत जवळची वाटतात ती बंग दांपत्याची पुस्तकं. १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग गडचिरोलीला आले आणि ‘सर्च’ सुरू झालं. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेलचा अभ्यास केला. निष्कर्ष पक्के निघाले, पण लोकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण तो प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता. ही चूक अभय बंग स्वतःच जाहीरपणे सांगत आले आहेत. कामातली फसगत इतक्या मोकळेपणाने सांगणारे आमच्या क्षेत्रात मला फार भेटलेले नाहीत. पुढे दवाखाना बांधताना त्यांनी लोकांनाच विचारलं. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गोंड गावासारखा दिसतो आणि त्याला नाव दंतेश्वरीचं आहे.

बाया काय सहन करतात, हेही असंच विचारून कळलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. राणीताईंच्या ‘कानोसा’मध्ये त्या आकड्यांमागच्या बाया बोलतात, तर ‘गोईण’मध्ये त्यांची झाडं येतात. अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या सगळ्यांहून कितीतरी जास्त घरांत पोचलं. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. साहजिक आहे म्हणा. हृदय वाचकाचंही असतं.

एक तक्रार मात्र राहतेच. या कप्प्यात माडिया माणूस रुग्ण म्हणून येतो, विद्यार्थी म्हणून येतो, मित्र म्हणूनही येतो, पण मुखपृष्ठावर लेखक म्हणून येत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या गावाची गोष्टही मराठी वाचकाला मिलिंद बोकिलांच्या पुस्तकातूनच मिळाली. पुस्तक चांगलं आहे. पण देवाजी तोफांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक असतं, तर मी ते आधी विकत घेतलं असतं.

या पुस्तकांच्या नादात शोधग्रामबद्दल आणखी वाचत गेलो आणि एका वस्तूपाशी थांबलो. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ठरवायला मिनिटाला किती श्वास चालतो ते मोजावं लागतं. गावातल्या दाईंना बारापुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी आणि मिनिटाची वाळूची घडी तयार झाली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या मण्यापर्यंत हात पोचला, तर औषध सुरू करायचं.