कोड : एका शब्दाचा घोटाळा

आमच्या आत्याच्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. उभा जन्म तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं. लग्नघरात तिच्या हातचं पाणी बायका टाळत, हे मी लहानपणी पाहिलं आहे. पुढे मी त्वचारोगांचा डॉक्टर झालो, तेव्हा लक्षात आलं की आत्याला डागापेक्षा एका शब्दानेच जास्त छळलं होतं.

तो शब्द म्हणजे 'कोड'. संस्कृतातल्या 'कुष्ठ'वरून तो आला. हिंदीतला 'कोढ' त्याचाच भाऊ, पण त्याचा अर्थ महारोग. त्यात भर म्हणून 'श्वेतकुष्ठ' हे नाव. अशा रीतीने दोन अगदी निराळे रोग एकाच दावणीला बांधले गेले.

आपल्या पूर्वजांना यातला फरक कळत नव्हता, असं मात्र नाही. अथर्ववेदात या डागांना 'किलास' म्हटलं आहे आणि रात्री उगवलेल्या काळ्या वनस्पतीला त्यांचा रंग परत देण्याची विनवणी केली आहे. सुश्रुतसंहितेने किलास कुष्ठाच्याच प्रकरणात घातला, पण तो त्वचेपुरताच राहतो आणि त्यातून स्राव होत नाही, हेही बजावलं. ग्रंथातला हा भेद लोकांच्या बोलण्यात मात्र पुसला गेला.

१८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू शोधला. कोडात असा कोणताही जंतू नसतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि त्या पेशी नष्ट होतात, एवढंच. म्हणून कोड स्पर्शाने पसरत नाही. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, तरी रुग्णांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने कोड फुटतं, ही समजूतही निराधार आहे.

महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. कोडाच्या डागाला टाचणी लावली की कळते. शिवाय प्रत्येक डाग कोडाचा नसतो. शिबं बुरशीमुळे येतात, तर गालांवरचे काळसर वांग ऊन आणि संप्रेरकांमुळे.

उपचारांचा इतिहासही जुनाच. आयुर्वेदात बावची होती, तशीच नाईलकाठीही एक वनस्पती होती. तिच्यातून काढलेल्या द्रव्याचे प्रयोग कैरोच्या डॉ. अल मोफ्ती यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. दोन्हींतली द्रव्यं एकाच कुळातली, उन्हाच्या साथीने काम करणारी. म्हणूनच बावची घरच्या घरी लावू नका, फोड येतात. २०२२ साली अमेरिकेत डागांचा रंग परत आणणाऱ्या एका मलमालाही मान्यता मिळाली.

२००६ साली 'नितळ' हा मराठी चित्रपट याच विषयावर आला. तरीही मुलीच्या ओठावरचा डाग दाखवून आया मला आधी विचारतात, "डॉक्टर, हिचं लग्न होईल ना?" औषधाचं त्या नंतर विचारतात.

महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा टाळण्यासारखं कुणीच उरलेलं नाही. पुढच्या लग्नघरात अशी कुणी पाण्याचा तांब्या घेऊन समोर आली, तर तो तिच्या हातून घ्या. माझ्या आत्याला तेवढंच हवं होतं.