डायपर की वर्तमानपत्रं?

लँडफिलमध्ये सगळ्यात जास्त जागा कशाने व्यापली असेल? डायपरने, असंच म्हणाल ना? अमेरिकेतही अनेकांना तसंच वाटायचं. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी १९७३ पासून घरगुती कचरा अभ्यासत होते. १९८७ पासून त्यांनी थेट लँडफिल खणायलाच घेतली. मला ही कल्पनाच भन्नाट वाटते! डायपर निघाले, पण आकारमानाने २ टक्क्यांहूनही कमी. कागद मात्र ४० टक्क्यांच्या वर. आता म्हणाल, कागद तर कुजतो की. कुजतो, पण ओल असेल तर. दाबून भरलेल्या कोरड्या थरांत हवाही पोचत नाही, जिवाणूंचं काम अगदीच रेंगाळतं. कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं चक्क वाचता येत होती. कुठला थर कधीचा, हे ही मंडळी त्यांच्यावरच्या तारखा बघून ठरवायची.