न्हाणीच्या पाण्यावरची शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरच्या बागेचं रीतसर शिक्षण आपल्याकडे आलं कुठून, असं कुणी विचारलं तर बोट मुंबई-पुण्याकडे जातं. 1830 साली 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही तीच संस्था सांभाळते, आणि तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहायला गावोगावचे हौशी लोक जातात. ही परंपरा मोठी, पण हिरवळीची आणि गुलाबाची. पाणी कुठून आणायचं, हा तिच्यातला पहिला धडा कधीच नव्हता.

नांदेड-लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात. ते थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणजे या भागात बागा नव्हत्या असं मात्र कुणी समजू नये. माळवदाच्या घरामागे परस असे. न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथं अळू आणि केळ, त्यापुढे कढीपत्ता, कोपऱ्यात शेवगा. वर्ग नव्हता, फी नव्हती. सासूनं सुनेला दाखवलं की झालं! माझी आजी तांदूळ धुतल्याचं पाणीसुद्धा मोरीत जाऊ देत नसे.

1972 च्या दुष्काळी वर्षात परभणीला कृषी विद्यापीठ झालं. पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आली. नांदेड जिल्ह्यात सगरोळीलाही एक आहे. पण हा सारा व्याप मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. शहरातल्या गच्चीवाल्याची गाठ खरी पडते ती एका गणिताच्या प्राध्यापकाशी.

श्रीपाद अच्युत दाभोळकर (1924–2001) कोल्हापूरचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं. त्यांचा 'प्रयोग परिवार' म्हणजे वर्ग नव्हे. ज्यानं करून पाहिलं त्यानं इतरांना सांगायचं, त्यांनी ते आपल्या जागेत ताडून पाहायचं. द्राक्षबागायतदारांत ही रीत रुजली आणि पुढं गच्चीवरही चढली. पानावर पडणारं ऊन हे भांडवल आणि घरातला ओला कचरा, पालापाचोळा, उसाची चिपाडं ही माती, असा त्यांचा हिशेब. जाडजूड मातीचा थर नको. म्हणजे गच्चीवर भार कमी, आणि पाचोळ्याच्या आच्छादनानं ओलही टिकते. दुष्काळी गावाला यापेक्षा दुसरा कोणता अभ्यासक्रम हवा?

याची खरी परीक्षा लातूरला 2016 साली होती. धनेगावचं मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. माणसाला प्यायला पाणी नाही तिथं कुंडीला पाणी घालताना कुणाचाही हात अडखळेल, आणि अडखळावाच. पण आंघोळीचं पाणी तर त्या दिवसांतही सांडत होतंच.

म्हणून आमच्याकडे बागकामाचा वर्ग भरवायचा तर तो गुलाबाच्या छाटणीपासून सुरू करू नये. सुरुवात मोरीपासून करावी. साबणाचं पाणी थेट मुळाशी सोडायचं नाही. आधी विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या डब्यातून गाळून घ्यायचं, मग केळीच्या आळ्यात. पालेभाज्यांना तर ते देऊच नये. त्यांच्यासाठी तांदळाचं धुवण वेगळं ठेवावं.