पानथरी, हिवताप आणि आपला भंडारा

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या आणि वैनगंगा यांच्या जोरावर इथे धान पिकतो. पण रोवणी झाली की बांधीत पाणी उभे राहते, पाझराची डबकी होतात आणि तिथे ॲनाफिलीस डासाची मादी अंडी घालते. म्हणून धान आणि हिवताप यांची सोबत जुनी आहे.

जंतू कोणी पाहिला नव्हता, तेव्हाही त्याची खूण बायांना माहीत होती. वारंवार हिव भरणाऱ्या लेकराच्या डाव्या बरगडीखाली गोळा हाताला लागायचा. त्याला आपण पानथरी म्हणतो, डॉक्टर प्लीहा म्हणतात. इंग्रजांच्या राज्यात हीच खूण मोजमाप झाली. १८४० च्या दशकात उत्तरेत यमुनेच्या कालव्यांकाठी डॉ. डेम्पस्टर यांनी लोकांची पोटे तपासली. जितक्या जणांची पानथरी वाढलेली, तितका त्या गावात हिवताप जास्त.

१८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना अल्जेरियात रोग्याच्या रक्तात जंतू दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तोच जंतू डासाच्या पोटात सापडला. मग पानथरीचे कोडे सुटत गेले. जंतू आधी यकृतात वाढतो, मग रक्ताच्या तांबड्या पेशींत शिरतो. पेशी फुटल्या की हिव भरते, ताप चढतो. फुटक्या आणि बाधलेल्या पेशी गाळण्याचे काम प्लीहा करते. काम वाढले, की ती सुजते. रक्त मात्र कमी होत जाते.

खरा घात फॅल्सिपेरम जातीचा जंतू करतो. इटलीतल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दगावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हा बारीक रक्तवाहिन्या बाधित पेशींनी गच्च भरलेल्या दिसल्या. या पेशी चिकट होतात आणि वाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. पुढे रक्त पोहोचत नाही. त्यात शरीर जंतूशी लढायला जी रसायने सोडते, ती अति झाली की आपल्याच अवयवांना इजा करतात. शेतातले तण जाळायला लावलेली आग धानालाही लागावी, तसे. मग मेंदूवर गुंगी येते, झटके येतात. मूत्रपिंडे मंदावतात, फुफ्फुसांत पाणी भरते. गरोदर बाईच्या वारेत जंतू साचले, तर बाळाला पोषण कमी पडते आणि ते कमी वजनाचे जन्मते.

आपल्या देशाने १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध मोहीम उघडली. घरोघरी डीडीटी फवारली. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. रोग संपलाच, असे वाटून हात ढिले पडले, डासही औषधाला सरावले. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. आज रुग्ण पुष्कळ कमी आहेत, पण हा इतिहास विसरण्याजोगा नाही.

रोवणीच्या दिवसांत आपण म्हणतो, 'ताप उतरला, चला बांधीत.' पण हा ताप उतरतो आणि परत चढतो. मधल्या काळात आतले नुकसान थांबत नाही. म्हणून हिव भरताच त्याच दिवशी आशाताईंकडे बोटातून रक्त तपासून घ्या. निकाल साधारण वीस मिनिटांत कळतो. पोटावर डाग दिल्याने जंतू मरत नाही. बरे वाटले तरी गोळ्या पूर्ण घ्या, आणि दिवस गेले असतील तर औषधाआधी तसे सांगा. रोगी बरळू लागला, झटके आले, धाप लागली, लघवी काळपट किंवा कमी झाली, तर उजाडण्याची वाट पाहू नका. रातोरात दवाखान्यात न्या.