रुक्मिणी

मुलीच्या नावात आईबापांची इच्छा असते. क्वचित एखाद्या नावात मुलीच्या स्वतःच्या इच्छेची आठवणही असते. ‘रुक्मिणी’ हे असे नाव होय. रुक्म म्हणजे सुवर्ण. ज्या विदर्भात भंडाऱ्याचा वैनगंगाकाठ येतो, त्या विदर्भाच्या भीष्मक राजाची ही कन्या. भावाने शिशुपालाशी ठरविलेला विवाह तिला मान्य नव्हता. तिने एका ब्राह्मणाहाती श्रीकृष्णास निरोप धाडला, अशी भागवतातील कथा आहे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींना भंडाऱ्याचा नीळभट भेटला. महानुभावांच्या लीळाचरित्रात तो भांडारेकार म्हणून ओळखला जातो. त्याच पंथातील महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. तिने रिद्धपुरी जे धवळे गाइले, त्यांचा विषय रुक्मिणीचे लग्न हाच होता. पंढरीस विठ्ठलाशेजारी रुक्मिणी रखुमाई झाली. घरोघरी ती रखमा झाली.

परंतु वर स्वतः निवडणारीचे नाव ल्यालेल्या मुलींची लग्ने त्यांना न विचारताच होत राहिली. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. १८८४ साली पतीने त्यांच्यावर दावा लावला. १८८७ साली नांदावयास जाण्याचा हुकूम होताच त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. रुक्मिणी या नावातील सोन्याचा कस निवडीच्या अधिकारात आहे, तो या रखमाबाईंनी सिद्ध केला.