पंचच जायबंदी झाला तर शिट्टी कोणाकडे?

फुटबॉलमध्ये खेळाडू जायबंदी झाला तर काय करायचे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. खेळ थांबतो, स्ट्रेचर येते, बदली खेळाडू रेषेपाशी उभा राहतो. पंचाची पोटरी धरली किंवा साहाय्यक पंचाच्या तोंडावर जोरात चेंडू बसला, तर मात्र मैदानावर क्षणभर गोंधळ उडतो. खेळ थांबवायचा कोणी? शिट्टी कोणाच्या हाती द्यायची? आणि रिकाम्या झालेल्या जागी उभे राहायला माणूस आणायचा कोठून? फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर या प्रश्नांची उत्तरे कागदावर तयार असतात. सिल्वासानजीकच्या खडोलीसारख्या ठिकाणी किंवा आपल्याकडच्या वाड्यावरच्या मैदानावर ती बहुधा नसतात, आणि खरी अडचण तेथेच होते.

आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवा नियम मुख्य पंचाविषयी आहे. पंच काम करण्यास असमर्थ झाला तर चेंडू पुढल्या वेळी खेळाबाहेर जाईपर्यंत इतर पंचांच्या देखरेखीखाली खेळ सुरू राहू शकतो, असे तो सांगतो. यामागील विचार सरळ आहे. पंच पडला त्याच क्षणी एखादा संघ गोल करण्याच्या बेतात असेल, तर केवळ पंचाच्या दुखापतीमुळे त्याची संधी हिरावली जाऊ नये. चेंडू रेषेबाहेर गेला की मग उपचार आणि बदल. याच कलमात ‘शकतो’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. पंच बेशुद्ध पडला असेल तर चेंडू बाहेर जाण्याची वाट पाहत कोणी उभे राहू नये, हे सांगायला नियमाची गरज नाही.

साहाय्यक पंचाला दुखापत झाली तर गोष्ट सोपी असते, कारण शिट्टी मुख्य पंचाच्याच हाती असते. तो खेळ थांबवतो, आणि असा थांबवलेला खेळ ड्रॉप बॉलने पुन्हा सुरू होतो. गेलेला वेळ अर्धाच्या अखेरीस भरून दिला जातो.

बदली कोण, हे मात्र नियमावली स्वतः ठरवत नाही. सहावा नियम ती जबाबदारी स्पर्धेच्या आयोजकांवर टाकतो. सामना सुरू करण्यास वा पुढे नेण्यास असमर्थ ठरलेल्या पंचाची जागा कोणी घ्यायची आणि त्यामुळे इतरांच्या कामात कोणते फेरफार व्हायचे, हे स्पर्धेच्या नियमांत स्पष्टपणे लिहिलेले असले पाहिजे, असे तो बजावतो. विशेषतः मुख्य पंच बाद झाला तर चौथा पंच पुढे येणार की ज्येष्ठ साहाय्यक पंच, याबाबत संदिग्धता असता कामा नये. आपल्याकडच्या अनेक स्पर्धांची माहितीपत्रके पाहिली तर प्रवेश शुल्क, बक्षिसाची रक्कम, जर्सीचे रंग असे सगळे सापडते. हे एक वाक्य तेवढे सापडत नाही.

ज्येष्ठ साहाय्यक की चौथा पंच, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मुख्य पंच आणि साहाय्यक पंच ही आता दोन वेगळी कामे मानली जातात. फिफाची आंतरराष्ट्रीय यादीही दोघांसाठी निराळी असते. गोव्याच्या युवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात काम पाहिले, ते साहाय्यक पंच म्हणून. रेषेवरून ऑफसाइड टिपणारी नजर आणि बावीस खेळाडूंच्या मध्ये धावत फाउल पारखणारी नजर यांची घडण वेगळी. म्हणून वरच्या स्तरावर चौथा पंच हा स्वतः मुख्य पंचाच्या पात्रतेचा असतो आणि शिट्टी त्याच्याकडे जाते. खालच्या स्तरावर चौथा पंचच नसतो. तेथे दोघा साहाय्यकांपैकी ज्येष्ठ कोण, हे नाणेफेकीपूर्वीच ठरवून ठेवावे लागते.

इतिहास पाहिला तर ही सारी व्यवस्था बरीच उशिरा आली. १८९१ पर्यंत प्रत्येक संघ आपापला अंपायर आणत असे आणि मतभेद झाला तरच बाहेर बसलेल्या रेफ्रीकडे धाव घेतली जाई. त्या वर्षी रेफ्री मैदानात आला आणि अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले. १९६६ च्या विश्वचषकात केन अॅस्टन यांनी प्रत्येक सामन्यासाठी एक राखीव पंच नेमण्याची पद्धत आणली. पुढे लाल-पिवळ्या कार्डांची कल्पनाही याच गृहस्थांची. पण विश्वचषकात जे शक्य होते ते दर आठवड्याच्या साखळी सामन्यांना परवडणारे नव्हते.

ते न परवडण्याचा परिणाम १६ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनमध्ये दिसला. हायबरी मैदानावर आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचा सामना सुरू असताना डेनिस ड्र्युइट या लाइन्समनच्या पायाला दुखापत झाली आणि त्यांना पुढे धावता येईना. राखीव माणूस नव्हता. प्रेक्षकांत कोणी पात्रताधारक पंच आहे का, अशी ध्वनिक्षेपकावरून विचारणा झाली. तेव्हा प्रेक्षक म्हणून आलेले जिमी हिल पुढे झाले. हिल हे त्या काळचे दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध समालोचक. त्याआधी ते खेळाडू होते, कॉव्हेंट्री सिटीचे व्यवस्थापक होते आणि खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून १९६१ मध्ये इंग्लंडमधील वेतनमर्यादा उठवण्याच्या लढ्यात आघाडीवर होते. योगायोग असा की त्यांनी पंचाची परीक्षाही दिलेली होती. हातात झेंडा घेऊन ते रेषेवर उभे राहिले आणि सामना पूर्ण झाला. निकाल ०-० असा लागला, त्यामुळे त्यांच्या झेंड्याने कोणाचे गुण गेले, अशी ओरड करायलाही कोणाला वाव राहिला नाही.

इंग्लंडमध्ये ही आठवण अजूनही गमतीने सांगितली जाते. मला त्यातला गमतीचा भाग कमी आणि धोक्याचा भाग जास्त वाटतो. पहिल्या श्रेणीतील दोन मातब्बर संघांचा सामना एका प्रेक्षकाच्या जुन्या प्रमाणपत्रावर तगला. तो माणूस त्या दिवशी घरीच राहिला असता तर? चौथ्या पंचाचे पद नियमकर्त्या मंडळाने औपचारिकरीत्या निर्माण केले ते १९९१ मध्ये, म्हणजे त्या दुपारनंतर जवळजवळ दोन दशकांनी. लाइन्समनचे ‘साहाय्यक पंच’ असे नामांतर त्याहून नंतरचे, १९९६ मधले.

त्याच १९९६ मध्ये या पदाचा उपयोगही सिद्ध झाला. युरो स्पर्धेत १८ जून रोजी न्यूकॅसल येथे फ्रान्स आणि बल्गेरिया यांच्यात सामना होता. पूर्वार्धातच मुख्य पंच डरमॉट गॅलाहर यांना दुखापतीमुळे बाहेर पडावे लागले आणि चौथे पंच पॉल डर्किन यांनी शिट्टी घेतली. फ्रान्सने सामना ३-१ असा जिंकला. दोघेही इंग्लंडचेच असल्याने भाषा, संकेत, सवयी यांत फरक पडला नाही. मोठ्या स्पर्धांत पंचांचा संच शक्यतो एकत्र काम केलेल्यांचा असावा, असा आग्रह धरतात तो यासाठीही.

तरीही एक दुवा सुटा राहतोच. चौथा पंच पुढे गेला की चौथ्याची जागा रिकामी होते. २७ जानेवारी २०२४ रोजी जर्मनीच्या बुंडेसलिगात वोल्फ्सबुर्ग आणि कोलोन यांच्या सामन्यात नेमके हेच झाले. साहाय्यक पंच थॉर्बेन झीवर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि त्यांना काम सोडावे लागले. चौथे पंच निकोलास विंटर यांनी रेषेवरचा झेंडा घेतला. आता बदली खेळाडूंचे फलक धरायला, दोन्ही बाकांवरच्या प्रशिक्षकांना आवरायला कोणी उरले नाही. स्टेडियममध्ये घोषणा झाली, आणि प्रेक्षकांत बसलेला खालच्या स्तरावरचा एक हौशी पंच खाली उतरला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. व्हिडिओ पंचांचा अद्ययावत कक्ष दूर कोलोन शहरात कार्यरत होता. मैदानाच्या कडेला उभे राहायला मात्र एक माणूस कमी पडला. हायबरीच्या घटनेला तोवर ५१ वर्षे उलटून गेली होती.

ही फट बुजवण्यासाठी नियमावलीत राखीव साहाय्यक पंचाची तरतूद आहे. साहाय्यक पंच किंवा चौथा पंच काम करू शकला नाही तर त्याची जागा घेणे, एवढेच त्याचे कर्तव्य. मुख्य पंचाच्या जागी तो येत नाही. विश्वचषकासारख्या स्पर्धा सोडल्या तर त्याची नेमणूक क्वचितच होते, आणि खर्चाचा हिशेब पाहता ते समजण्यासारखे आहे.

व्हिडिओ पंचांबाबत नियम अधिक कडक आहेत. व्हिडिओ पंच, त्याचा साहाय्यक किंवा फिती दाखवणारा तंत्रज्ञ यांच्या जागी त्या त्या कामाची पात्रता असलेलीच व्यक्ती बसवता येते. व्हिडिओ पंच वा तंत्रज्ञाला पर्याय मिळाला नाही तर सामना व्हिडिओविना खेळवायचा. गावच्या मैदानावर हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून त्यावर अधिक थांबत नाही.

दुखापत आणि हल्ला यांत मात्र फरक करायला हवा. १५ सप्टेंबर २००४ रोजी रोममध्ये रोमा आणि डायनामो कीव यांच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात मध्यंतराच्या वेळी प्रेक्षकांतून भिरकावलेली वस्तू लागून पंच अँडर्स फ्रिस्क रक्तबंबाळ झाले. तेथे चौथ्या पंचाकडे शिट्टी सोपवून खेळ पुढे नेला गेला नाही. सामना रद्द झाला आणि युएफाने तो ३-० असा कीवच्या खात्यावर जमा केला. एरवी अर्धवट राहिलेला सामना पुन्हा खेळवावा, असे सातवा नियम सांगतो. स्पर्धेच्या नियमांनी किंवा आयोजकांनी वेगळे ठरवले असेल तर गोष्ट निराळी. पंचावर हात उचलला गेला असताना ‘दुसरा पंच घ्या आणि चालू करा’ असा आग्रह धरणाऱ्या आयोजकांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता आपल्या अंगणात येऊ. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत चेंडू आणला तेव्हापासून गोव्यात फुटबॉल गावोगावी पसरला. २०२०-२१ आणि २०२१-२२ या महामारीच्या दोन हंगामांत इंडियन सुपर लीगही फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर आळीपाळीने खेळवली गेली. त्या बंदिस्त वातावरणात बाहेरचा माणूस ऐनवेळी आत घेणे सोपे नव्हते. पण आपल्या फुटबॉलचा मोठा भाग त्या झगमगाटाच्या बाहेर आहे: पावसाळ्यात चिखलाचा, कापणी झाली की भातशेतांतला. तेथे मैदान खडबडीत असते, पंच दिवसाला एकाहून अधिक सामने हाताळतो, आणि पाय मुरगळणे किंवा मांडीचा स्नायू धरणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. एकेकाळी आपल्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दादरा आणि नगर हवेलीत, खडोलीसारख्या कारखान्यांनी वेढलेल्या गावी, प्रमाणित पंच हवा तर सिल्वासा किंवा वापीकडे पाहावे लागणार. फोन करून त्याला बोलावेपर्यंत उजेड सरतो.

अशा ठिकाणी चौथा पंच ठेवणे परवडत नसेल तर निदान दिवसाच्या इतर सामन्यांच्या पंचांपैकी एकाला मैदानावर थांबवून घेता येते. एकाच दिवशी तीन-चार सामने असलेल्या स्पर्धेत हा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे. तेही जमले नाही तर दोन साहाय्यकांपैकी ज्येष्ठाने शिट्टी घ्यावी आणि रिकाम्या रेषेवर दोन्ही संघांना मान्य असलेली तटस्थ व्यक्ती उभी करावी. क्लबचाच माणूस घ्यावा लागला तर त्याच्याकडून फक्त चेंडू रेषेबाहेर गेला की नाही एवढेच विचारावे. ऑफसाइड आणि फाउल मुख्य पंचाने स्वतः पाहावेत. जुन्या मंडळींनी ही प्रथा पाळली ती उगाच नव्हे. आपल्या गावच्या आघाडीपटूविरुद्ध झेंडा वर करणे हे फार थोड्यांना जमते.

संघांची संमती तोंडी न घेता दोन्ही कर्णधारांची सही घ्यावी. हरलेल्या संघाची स्मरणशक्ती सामन्यानंतर फारच निवडक होते, हा अनुभव प्रत्येक स्पर्धेच्या सचिवाला असतो.

नवा पंच मैदानात उतरतो तेव्हा त्याला सर्वांत आधी हवी असते ती नोंद. कोणाला पिवळे कार्ड मिळाले आहे, किती खेळाडू बदलले, किती वेळ वाया गेला, गोल किती. पहिले कार्ड मिळालेल्या खेळाडूचा क्रमांक नव्या पंचाला ठाऊक नसेल तर दुसऱ्या पिवळ्या कार्डानंतरही तो खेळाडू मैदानात राहू शकतो, आणि मग तक्रार, सुनावणी, वर्तमानपत्रांत पत्रे. म्हणून साहाय्यकांनीही आपापल्या वहीत कार्डे आणि गोल टिपून ठेवणे हिताचे. आधीच्या पंचाचे निर्णय कायम राहतात. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर कोणताही पंच मागचा निर्णय बदलू शकत नाही, मग तो स्वतःचा असो वा दुसऱ्याचा.

शरीराचाही विचार हवा. मुख्य पंच एका सामन्यात दहा किलोमीटरच्या आसपास धावतो. तासभर खुर्चीवर बसलेला चौथा पंच थंड स्नायूंनी थेट धावू लागला तर दुसरी दुखापत ओढवते. मध्यंतरात आणि उत्तरार्धातही अधूनमधून त्याने हातपाय मोकळे करत राहावे. डोक्याला मार लागलेल्या पंचाने ‘मी ठीक आहे’ म्हटले तरी त्याला परत पाठवू नये. गरगरणे, मळमळ, विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर, यांपैकी काहीही दिसले तर त्याचे काम त्या दिवसापुरते संपले आणि त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. स्पर्धेसाठी बोलावलेली रुग्णवाहिका केवळ खेळाडूंसाठी असते, असा काही ठिकाणी समज दिसतो. तो नेमणूकपत्र लिहितानाच दूर करावा, आणि त्याच पत्रात बदली पंचाचे नाव व दूरध्वनी क्रमांकही लिहावा.